दरवाजावरचं नाव

मांजरसुंब्याच्या चौकात, धाब्यासमोर पांढरी गाडी येऊन थांबली. झाडाखाली उभ्या असलेल्या बाईनं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, गाडीच्या नंबराकडे पाहिलं, मागचं दार उघडलं आणि आत बसली. भाव विचारला नाही, घासाघीस केली नाही. गाडी बीडच्या दिशेनं निघूनही गेली.

शहादेव आपल्या काळ्या-पिवळ्या जीपला टेकून हे बघत होता. 'बीड, बीड, बीड' ही हाक त्याच्या तोंडात अर्धीच राहिली.

"बघितलं का बे?" तो शेजारच्या जीपच्या हनुमानला म्हणाला. "एक शबूद न्हाई. न बोलताच बसली."

"ॲपची गाडी हाय तात्या ती. समदं आधीच ठरतंय."

"कुणासंगं ठरतंय?"

"फोनसंगं."

"फोनसंगं कसं ठरंल? पल्याड कुणी तरी बसलेला असंलच की."

हनुमान हसला, पण शहादेव हसला नाही. पल्याड कोण बसलंय, हा प्रश्न त्याला मिसरूड फुटल्यापासून पडत आला होता. चौसाळा ते बीड या रस्त्यावर त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि या रस्त्यानं त्याला संशय घ्यायला शिकवलं होतं. 'सुट्टे आणतो' म्हणून उतरलेला माणूस परत येत नाही. हवालदार हसून बोलला की समजावं, आज काही तरी मागणार. हवा दुसऱ्यानं भरली, तर शहादेव चारही टायरांना लाथ मारून बघायचा. घाटाची त्याला भीती नव्हती. सरळ रस्त्यावर मात्र तो सावध असायचा. माणसाला डुलकी सरळ रस्त्यावरच लागते, असं तो म्हणे.

आता गाड्या कुठून येतात तेच कळत नव्हतं. गाडीला पांढरी पाटी, म्हणजे घरगुती. भाड्यानं चालवायची तर पिवळी पाटी लागते, परमिट लागतं, डायवरला बिल्ला लागतो. शहादेवनं हे सगळं रांगेत उभं राहून मिळवलं होतं. या गाड्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

त्यातच सिदू दिसेनासा झाला होता.

सिदू त्याच्याच गावचा, त्याच्याच लाइनीवरचा. दोघांच्या जीपा पुढेमागे लागायच्या. एकाला ताप आला की दुसरा त्याचे पॅसेंजर सांभाळून न्यायचा. मग सिदूच्या जुन्या जीपचं पासिंग झालं नाही, आणि तो पुण्याला कामाला गेला असं त्याच्या बायकोनं, संगीतानं, सांगितलं. पण हनुमानच्या भाच्यानं त्याला बीडमध्ये बघितलं होतं. पांढऱ्या गाडीत. स्टेरिंगवर.

"पुण्याला गेलाय म्हणं," हनुमान थुंकत म्हणाला. "आपल्यातलाच माणूस फितूर झालाय तात्या. कोणता पाशिंजर कवा, कुठून निघतो, त्याला समदं ठावं हाय."

त्या दिवसापासून शहादेव चौकातून जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेत वाकून बघू लागला.

सोमवारी संघटनेचे अध्यक्ष विजयसिंह चौकात आले. त्यांनी आयुष्यात कधी भाड्याची गाडी चालवली नव्हती. पण शेती मोठी, माणसं हाताशी, वरपर्यंत ओळखी. जीपवाल्यांनीच त्यांना अध्यक्ष केलं होतं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. खुर्ची आली, चहा आला. भाऊसाहेबांनी सांगितलं की सरकार ॲपवाल्या गाड्यांसाठी नियम करायच्या विचारात आहे. गुरुवारी बीडला परिवहन कार्यालयात सुनावणी आहे. सगळ्यांनी यायचं आणि एका सुरात सांगायचं, नियम नकोत.

"नियम केले म्हणजे मान्यता दिली," ते म्हणाले. "एकदा मान्यता मिळाली की तुमच्या जीपा भंगारात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शहादेवला मात्र राहवेना.

"पर भाऊसाहेब, नियम न्हाई केले तरी त्या गाड्या चालूच हायेत की. नियम झाले तर त्येंला बी परमिट लागंल, बिल्ला लागंल, पिवळी पाटी लागंल. मंग नियम नको कावून म्हणायचं?"

भाऊसाहेब उठले, त्यांनी शहादेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"तात्या, तुम्ही गाडी चालवा. कायद्याचं आम्ही बघतो."

लोक हसले. जाता जाता भाऊसाहेबांनी बजावलं, "आणि हे बघा, गाड्याबिड्या अडवायच्या असतील तर मला विचारल्याशिवाय अडवायच्या नाहीत. आपल्या चौकात राडा नको."

शहादेवला दोन्ही गोष्टी खटकल्या. पण सिदूवरचा राग जास्त जवळचा होता. नेत्याचा संशय घेऊन करणार काय? सिदू हाताला लागण्यासारखा होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी चौसाळ्याकडून ती गाडी आली. शहादेवनंच आधी ओळखलं. टोपी होती, दाढी वाढली होती. पण गतिरोधकाच्या आधीच गिअर उतरवायची ती पद्धत सिदूचीच.

"हनम्या, जीप आडवी घाल!"

हनुमाननं जीप आडवी घातली. गाडी करकचून थांबली. माणसं धावली. विचारल्याशिवाय अडवायचं नाही, हे कोणाच्याही ध्यानात राहिलं नाही. शहादेवच्या तर नाहीच.

सिदूनं काच खाली केली.

"तात्या, जाऊ दे. मागं पेशंट हाय."

शहादेवला ते नाटक वाटलं. पेशंटचं निमित्त त्यानं स्वतः पोलिसांना कैक वेळा सांगितलं होतं.

"पुण्याला गेलतास ना रं? हेच का पुणं?"

"तात्या, पाया पडतो. आधी जाऊ दे, मंग काय बी इचार."

सिदूनं चावी काढून मुठीत घट्ट धरली. शहादेवनं खिडकीतून हात घातला, त्याचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. चावी हातात आली. तेवढ्यात पलीकडून कोणी तरी दार उघडलं, कोणी कॉलर धरली, आणि सिदू ओढला गेला. तो दुभाजकाच्या कडेवर पडला. एकानं लाथ घातली, दुसऱ्यानं घातली. सिदू ओरडला नाही. उजवा हात पोटाशी धरून तो नुसता वाकला.

ओरडलं ते गाडीच्या आतून.

"अवो माणसं हाईत का कोण! आत्याला दवाखान्यात न्यायचंय!"

मागच्या सीटवर चौसाळ्याच्या रुक्मिणीबाई आडव्या पडल्या होत्या. त्यांचं डोकं सून वनमालाच्या मांडीवर होतं. चेहरा पिवळा, ओठ कोरडे, दोन्ही हात पोटावर. रुक्मिणीबाईंना शहादेव वर्षानुवर्षं ओळखत होता. बाजाराच्या दिवशी त्या टोपली घेऊन त्याच्याच जीपमध्ये बसायच्या.

माणसं मागे सरली. लाथ मारणारे कोण होते, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

शहादेवनं रुक्मिणीबाईंना उचललं, आपल्या जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. वनमाला खाली बसून त्यांना धरून राहिली. निघताना त्यानं आरशात बघितलं. सिदू दुभाजकावर बसला होता आणि त्याच्या भोवती कोणी नव्हतं.

जीप बीडच्या रस्त्याला लागली. मग मागून बारीक आवाज आला.

"शहादेवा."

"काय मावशी? दुखतंय का लई?"

"तुजी जीप आज रिकामीच निघाली रं."

"मावशी, तुमी बी ॲपवर जायला लागल्या व्हय?"

"म्या कशाची ॲपवर? हिनं फोन दाबला, गाडी दारात आली. सिद्यानं मला लेकरावानी उचलून ठिवलं." त्या कण्हल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या. "तुज्या जीपनं दोनदा गेले. तुजी जीप भरोस्तोर डाक्टर जेवाया जातो रं."

वनमाला म्हणाली, "आत्या, बोलू नका."

"बोलू दे. सिद्याला कावून मारलं शहादेवा? त्यो तर हळू चालवीत व्हता."

शहादेवनं ॲक्सिलरेटर दाबला. भरपूर उत्तरं होती त्याच्याकडे. पांढरी पाटी, परमिट, बिल्ला, फितुरी. त्यातलं एकही त्या बाकावर निजलेल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

रुक्मिणीबाईंना दवाखान्यात दाखल करून घेतलं. पित्ताशयात खडा अडकला होता. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत, ऑपरेशन करू. वनमाला कागदांवर सह्या करत होती आणि शहादेव व्हरांड्यात उभा होता, तेव्हा फोन वाजला. भाऊसाहेब होते.

"चौकात काय राडा केलात?"

"चूक झाली भाऊसाहेब. डोकं फिरलं आमचं."

"गाडीला काय झालं? काच वगैरे फुटली का?"

"काच न्हाई फुटली. पर सिदूचा हात..."

"गाडी कुठंय आता?"

"चौकातच हाय."

"चावी?"

"चावी माझ्यापाशी हाय."

"कोणाला देऊ नका. माझा माणूस येतोय."

फोन बंद झाला. शहादेव हातातल्या चावीकडे बघत राहिला. भाऊसाहेबांनी विचारलं नव्हतं की गाडी कोणाची. विचारलं नव्हतं की पेशंट जिवंत आहे का. सिदूचं नाव ऐकूनही त्यांना नवल वाटलं नव्हतं.

माणूस आला. विजयसिंहांचा मुनीम, शहादेव त्याला ओळखत होता. त्यानं काही न बोलता चावी घेतली आणि खिशातून एक जुडगा काढून त्यात अडकवली. जुडग्यात तशाच, त्याच कंपनीच्या चाव्या होत्या.

संध्याकाळी शहादेव सिदूच्या दारात उभा राहिला. संगीतानं दार उघडलं, पण ती दारातून बाजूला झाली नाही.

"कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणी न्हाई. माझा मी आलो."

"मंग माणसं किती हायती संगं?"

"एकटाच हाय संगीता."

तिनं त्याच्या मागे गल्लीत दूरवर बघितलं आणि मगच आत येऊ दिलं. सिदू भिंतीला टेकून बसला होता. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर.

"माझ्यानं मोडला का पडून मोडला?" शहादेवनं विचारलं.

"काय फरक पडतो तात्या?"

"गाडी भाऊसाहेबांची हाय ना?"

सिदूनं बायकोकडे बघितलं. संगीतानं पुढे होऊन दार लोटून घेतलं.

"गाड्या त्येंच्या मेव्हण्याच्या नावावर हायेत," सिदू हळू आवाजात म्हणाला. "पर समदं भाऊसाहेबांच्या बंगल्यावरनं चालतंय. जीपचं पासिंग झालं न्हाई तवा त्येंनीच बोलावलं. म्हणले, पगारावर चालीव, पुण्याला गेलो म्हून सांग. म्या एकटाच न्हाई, लई जण हायेत."

"म्हून त्येंला नियम नको हायेत."

"नियम आले तर परमिट दाखवा, डायवरचा इमा दाखवा. आता माझा हात मोडला. कुणी इचारलं का? पोलिसात जावं म्हणलं तर गाडीच बेकायदा."

"मला सांगायचं की सिदू. येवढी वर्षं संगं काढली आपण."

सिदू पहिल्यांदा हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

"तुला सांगितलं असतं तर तू इश्वास ठिवला असता?"

शहादेव चहा न घेताच उठला. संगीतानंही घ्या म्हटलं नाही.

गुरुवारी परिवहन कार्यालयाच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. रिक्षावाले एका बाजूला, जीपवाले दुसऱ्या बाजूला. ॲपच्या कंपनीकडून टाय लावलेला एक तरुण आला होता आणि सगळे त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. दाराशीच भाऊसाहेबांनी शहादेवला बाजूला घेतलं.

"तात्या, तुम्ही सगळ्यांत जुने. तुम्हीच बोला. परवाचं प्रकरण निघणार. सांगायचं, ड्रायव्हर पिलेला होता, म्हणून पब्लिकनं अडवला. पेशंटला तुम्ही वाचवलं. तुमचंच नाव होईल."

"सिदू पीत न्हाई भाऊसाहेब. माळकरी हाय त्यो."

"ते आपल्याला ठाऊक. त्यांना कुठं ठाऊक आहे?"

भाऊसाहेब पहिल्या रांगेत जाऊन बसले. शहादेव मागे उभा राहिला. चौसाळ्यात राहायचं होतं, याच रस्त्यावर पोट भरायचं होतं. गप्प बसणं अवघड नव्हतं. डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्याचं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठावरच्या मॅडम म्हणाल्या, "थोडक्यात सांगा."

"मांजरसुंब्याला परवा गाडी अडवली," शहादेव म्हणाला. माइक त्याच्या तोंडापासून लांब होता. कोणी तरी जवळ सरकवला. "डायवर पिलेला न्हवता. आमीच मारलं त्याला. चावी म्या वढून घेतली. मागं म्हातारी बाई होती, दुखण्यानं तळमळत होती. आमाला खोटं वाटलं."

मागून आवाज उठला. "ओ तात्या! काय बोलता?" मॅडमनी हात वर केला.

"तुमची हरकत काय आहे, ते सांगा. नियम हवेत की नकोत?"

"हवेत. आमाला हायेत तेच त्येंला बी लावा. बिल्ला, परमिट, इमा. आमी बी सुधारू, जीप भरायची वाट बघत पेशंटला ताटकळत ठिवनार न्हाई. आनि एक." तो थांबला. "आमच्या जीपच्या दरवाजावर मालकाचं नाव लिव्हलेलं असतंय. रंगानं, मोठ्या अक्षरात. माजं हाय, हनुमानचं हाय. त्येंच्या गाडीवर बी लिवायला लावा. गाडी कुणाची हाय, ते बसणाराला दिसू द्या. येवढंच."

टाय लावलेला तरुण चमकून वर बघू लागला. त्याला वाटलं होतं, लोक आपल्यावर तुटून पडतील. पण सभागृहातल्या कित्येकांच्या नजरा त्याच्याकडे नव्हत्या. त्या पहिल्या रांगेकडे वळल्या होत्या. भाऊसाहेब मोबाइलमध्ये बघत होते आणि त्यांची मान लाल झाली होती.

मॅडमनी काही तरी लिहून घेतलं. "ठीक आहे. पुढचे."

एवढंच झालं. हरकती वर गेल्या, मुंबईला. तिथं त्या कोणी वाचल्या की नाही, ते बीडमध्ये कोणाला कळलं नाही. पांढऱ्या गाड्या चार दिवस दिसल्या नाहीत, मग पुन्हा दिसू लागल्या. रुक्मिणीबाई बऱ्या होऊन घरी आल्या. सिदू सासुरवाडीला निघून गेला आणि जाताना शहादेवला भेटला नाही.

चौकात शहादेव पुन्हा उभा राहिला तेव्हा चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबलं. बाकावर जागा होती, पण कोणी सरकलं नाही. त्यानं उभ्यानंच चहा घेतला.

"तात्या, ॲपवाल्यांनी काय द्यायचं कबूल केलं?" हनुमाननं विचारलं. आवाज गमतीचा होता, डोळे नव्हते.

"मला कोण काय कबूल करनार बे?"

"मंग फुकट कावून बोलला?"

शहादेवनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथं जे होतं ते त्याला पुरतं ओळखीचं होतं. याच नजरेनं त्यानं रस्त्यावरच्या प्रत्येक काचेत वाकून बघितलं होतं. अशा नजरेला उत्तर पुरत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यानं पेला टपरीवर ठेवला आणि तो जीपकडे गेला.

त्याचा नंबर लागेना. पुढची जीप भरून निघाली की मागची तिच्या जागी यायची, आणि शहादेवची तिथंच राहायची. कोणी भांडत नव्हतं. पॅसेंजर त्याच्या जीपकडे वळला की कोणी तरी हाताला धरून म्हणायचं, "इकडं या, ती जाणार न्हाई."

असा आठवडा गेला. एका सकाळी तो जीप पुसून नुसताच ओट्यावर बसला होता. गीताबाईनं, त्याच्या बायकोनं, न विचारता ओळखलं.

"आज जायचं न्हाई का?"

"कुठं जाऊ?"

"आष्टीला थोरल्या बहिणीकडं चला. तिचा पाय मोडल्यापासून म्या गेलेच न्हाई. तुमाला धंद्यातनं सवड कधी होती?"

तो उठला. ती नवं लुगडं नेसून, भाकरी बांधून बाहेर आली आणि सवयीनं मागचं दार उघडून शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जाऊन बसली. जीप गावाबाहेर आली. शहादेवनं आरशात बघितलं. सगळी जीप रिकामी आणि पार मागे, गाठोडं मांडीवर घेऊन, अंग चोरून बसलेली गीताबाई.

त्यानं जीप कडेला घेतली.

"तितं कावून बसलीस? पुढं ये."

"पुढची शीट पाशिंजरची असती," ती म्हणाली.

"कोण हाय पाशिंजर? ये."

ती उतरली, पुढे आली. दार उघडायला तिला जमेना, म्हणून त्यानं आतून उघडून दिलं. एवढ्या वर्षांत ती या जागेवर कधी बसली नव्हती. तिनं पदर सारखा केला, गाठोडं पायाशी ठेवलं, काचेतून पुढे बघितलं. समोर पाटोद्याकडं जाणारा रस्ता माळावरून लांबवर दिसत होता.

"इतनं समदं दिसतंय की," गीताबाई म्हणाली.

शहादेवनं गिअर टाकला आणि जीप हळू पुढे घेतली.